गच्चीला कुलूप

मंजुळाबाईंना राग यायला कारण लागत नाही, असं त्यांची सून रोशनी म्हणते. हे साफ खोटं आहे. कारणं ढीगभर आहेत. रोशनीला ती ऐकू येत नाहीत, कारण ती दिवसभर कानात इअरफोनची बोंडं घालून फिरते.

आता हेच बघा. सकाळी पावणेसातला कंपनीची बस सोसायटीच्या तोंडाशी उभी राहते आणि ड्रायव्हर असा हॉर्न दाबतो की सबंध सिल्वासातला माणूस उठावा. बसमध्ये चढणारा कामगार एकच, दुसऱ्या मजल्यावरचा, आणि तो बहुधा आधीच खाली उभा असतो. मग लिफ्ट. महिन्यातले वीस दिवस तिच्या दाराला ‘काम चालू आहे’ असा कागद चिकटवलेला असतो, पण काम करणारा माणूस आजवर कुणी पाहिलेला नाही. मग पार्किंग. पार्किंगमध्ये प्रत्येक फ्लॅटची जागा पांढऱ्या रंगाने आखून दिलेली आहे. तीनशे दोनच्या, म्हणजे मंजुळाबाईंच्या जागेत चौदा महिन्यांपासून सेक्रेटरी श्रीकांतरावांची मोटार उभी असते. का, तर तुमच्याकडे मोटार कुठे आहे, बाईक तर कोपऱ्यातही मावते!

हे श्रीकांतराव मूळचे सावंतवाडीकडचे. नोकरीसाठी इकडे आले, सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं फायली हलवल्या आणि निवृत्त झाल्यावर सोसायटी हलवायला घेतली. वय त्रेसष्ट. मंजुळाबाई अठ्ठावन्नच्या. आणि हा माणूस त्यांना ‘आजी’ म्हणतो. जिन्यात भेटला की, “काय आजी, बरं आहे ना?” पाच वर्षांनी मोठा माणूस लहान बाईला आजी म्हणतो, आणि म्हणे राग कसला येतो!

मंजुळाबाई शिरपूरकडच्या. सत्तावीस वर्षांपूर्वी नवऱ्यामागून सिल्वासाजवळच्या मसाटला आल्या. धाग्याच्या कंपनीत वीस वर्षं पॅकिंग केलं, बारा खोल्यांच्या चाळीत राहिल्या, नवरा तिथेच गेला, मुलगा कल्पेश तिथेच शिकून सुपरवायझर झाला. मग कल्पेशने शहरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. फ्लॅट चांगला आहे, नाही कशाला म्हणायचं. नळाला पाणी आहे. संध्याकाळी बाल्कनीत बसून बशीतून चहा ओढताना दमणगंगेकडून वारा येतो आणि खालून शेव-खमणीवाल्याची घंटी वाजत जाते, तेव्हा बाईंचा अर्धा राग उतरतो. पण मसाटच्या चाळीत ‘मंजुळाकाकूला विचारा’ म्हटल्याशिवाय कुणाचं बारसंसुद्धा ठरत नसे. इथे त्या तीनशे दोनची आजी.

एक गोष्ट मात्र त्यांच्यासोबत शहरात आली होती. ती म्हणजे बिबड्यांचा पहिला दिवस.

बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड म्हणा हवं तर, पण खानदेशी बाईसमोर असं म्हणू नका. ज्वारी तीन दिवस भिजवायची, चौथ्या दिवशी भरडायची, तीळ-जिरं-लसूण-मिरची घालून पहाटे मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा आणि तो गरम आहे तोवर हाताला पाणी लावून ओल्या धोतरावर थापायचे. थंड झाला की बिबडा चिरतो. एकटीचं हे काम नव्हे. म्हणून चैत्रात बाया एकमेकींकडे जातात, आज हिचे, पुढच्या रविवारी तिचे. पहिला दिवस सगळ्यांत मोठ्या बाईचा. अकरा वर्षं तो मंजुळाबाईंचा होता. गेल्या चैत्रात फ्लॅटमध्ये सामान लावणं चाललं होतं, म्हणून तो चुकला. यंदाही चुकला, तर तो मसाटच्या सुलभाकडे जाणार हे न बोलता ठरलेलं होतं. एकदा गेलेला मान परत मागून मिळत नाही, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांच्याकडे मसाटचं म्हणून आता तेवढंच उरलं होतं.

म्हणून गुरुवारी त्यांनी ज्वारी भिजवली, सुलभाला फोनवर रविवार सांगितला आणि मग गच्चीची चावी मागायला चौथ्या मजल्यावर गेल्या. इथेच चूक झाली. चाळीत आधी ज्वारी भिजते आणि मग निरोप जातो. सोसायटीत आधी अर्ज भिजत पडतो.

“गच्ची बंद आहे, आजी,” श्रीकांतराव दारातूनच म्हणाले. “वॉटरप्रूफिंग केलंय. कोणाला पाय ठेवायला देत नाही.”

“आमी काय नाचाले जातो का भाऊ तिथं? अनवाणी जाऊ. सांजेले मोकळी करून देऊ.”

“तसं नाही चालत. लेखी अर्ज द्या. कारण, किती माणसं, किती वाजेपर्यंत. कमिटीपुढे ठेवतो.”

रोशनीने अर्ज लिहिला. शनिवारी सकाळी तो परत आला, वर लाल शाईत शेरा: ‘कारण समजत नाही. मे महिन्याच्या बैठकीत विचार करू.’ मे महिन्याच्या बैठकीत! ज्वारी का मे महिन्यापर्यंत टोपलीत बसून राहणार होती? पस्तीस वर्षं या माणसाने लोकांचे अर्ज असेच सडवले असतील, असं मंजुळाबाई इतक्या मोठ्याने म्हणाल्या की रोशनीने बाल्कनीचं दार लावून घेतलं.

रविवारी पहाटे सुलभा आणि आणखी चार बाया इको गाडीत बसून आल्या. आठवड्याची एकुलती एक सुट्टी मोडून आल्या होत्या. घाटा शिजला होता, पातेल्याला हात लाववत नव्हता, घरभर लसणाचा वास. आणि वर कुलूप.

“काकू, मग आता?” सुलभा म्हणाली.

मंजुळाबाईंनी बाल्कनीतून खाली पाहिलं. रविवारी सहाला श्रीकांतराव मोटार घेऊन भाजीबाजारात जातात. पांढऱ्या चौकोनात ‘३०२’ असं लिहिलेली जागा रिकामी पडली होती, आणि तिच्यावर कोवळं ऊन यायला लागलं होतं.

“आता काय? आपली जागा हाये,” बाई म्हणाल्या. “उचला पातेलं.”

वॉचमन काळूने झाडून दिलं, दोन बादल्या पाणीही आणून ओतलं. ओली धोतरं पसरली आणि बायांचे हात चालू झाले. कोण थापतंय, कोण घाटा देतंय, कोण नुसतीच कंपनीतल्या नव्या साहेबाची नक्कल करतंय. मंजुळाबाईंनी वाटीत गरम घाटा घेऊन वर तेल सोडलं आणि पहिली वाटी काळूला दिली. दुसऱ्या मजल्यावरची दोन पोरं वास काढत आली, त्यांनाही मिळाली. चौदा महिन्यांत पहिल्यांदा बाईंचा आवाज न चिडता मोठा झाला होता. साडेसातपर्यंत चौकोन भरला.

आणि मग हॉर्न वाजला.

श्रीकांतराव मोटारीतून उतरले. हातात मेथीची जुडी होती, ती खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही. “हे काय चालवलंय? मी गाडी कुठे लावू?”

“तुमच्या जागेत लावा ना, भाऊ. ही आमची हाये. नंबर लिवला हाये बघा, तुमीच लिवला.”

“आजी, ही सोसायटी आहे, चाळ नाही! असं कुठेही पसरायचं नसतं.”

“चाळीत कुलूप फक्त संडासाले होतं,” मंजुळाबाई म्हणाल्या. “अन् त्याची चावी बी समद्यांकडे होती.”

सुलभा फस्सकन हसली. बाकीच्या बायांनी पदर तोंडाला लावले. श्रीकांतरावांचे कान लाल झाले. चार बाल्कन्यांमध्ये माणसं येऊन उभी राहिली होती. अशा वेळी माणूस एक तर हसून सोडून देतो नाही तर पेटतो. श्रीकांतराव पेटले. नोटीस काढतो म्हणाले, कमिटी बोलावतो म्हणाले, या लोकांना फ्लॅटमध्ये राहायची अक्कल नसते असंही म्हणाले.

‘या लोकांना’ ऐकल्यावर मंजुळाबाई पदर खोचून उठल्या. पण त्यांच्याआधी कल्पेश पुढे झाला. तो आवाज ऐकून धावतच खाली आला होता. त्याने श्रीकांतरावांपुढे हात जोडले.

“काका, सॉरी, सॉरी. आई जुन्या वळणाची आहे, तिला सोसायटीचं कळत नाही. तुम्ही मनावर घेऊ नका. पुढच्या वेळी नाही होणार.”

बायांचे हात थांबले. सुलभा खाली धोतराकडे बघायला लागली. मंजुळाबाई उभ्याच राहिल्या. वीस वर्षं बॉबिनच्या खोक्यांना पट्ट्या मारून बोटांना घट्टे पाडून घेतले ते या पोराला शिकवायला, आणि याने पाच बायांसमोर आईला बिनअकलेची ठरवलं, तेही हात जोडून! श्रीकांतरावांचा त्यांना नुसता राग आला होता. आता जे आलं त्याला राग हा शब्द पुरत नव्हता. त्यांनी पोराकडे पाठ केली आणि धोतराचं सुटलेलं टोक दगडाखाली दाबलं. हे कल्पेशला जास्त लागायला हवं होतं, पण त्याला ते समजलंच नाही. श्रीकांतराव मेथी मागच्या सीटवर टाकून, कुणा कमिटीवाल्याकडे तक्रार न्यायला, तसेच मोटार फिरवून निघून गेले.

अकराच्या पुढे नवीनच आफत आली. इमारतीची सावली सरकत सरकत चौकोनात शिरली. बिबडे अजून अर्धे ओले. दिवसभर ऊन मिळालं नाही, तर सगळा घाणा आंबूस वास धरतो आणि चार दिवसांची मेहनत उकिरड्यावर जाते. सुलभा हळूच म्हणाली, “काकू, पुढल्या साली माझ्याकडेच करू. मागं मोकळं अंगण हाये. इथं तुमालेच ताप.” ती चांगल्या मनानेच बोलली. म्हणून तर ते जास्त झोंबलं.

कल्पेशला काय वाटलं कोण जाणे, तो चौथ्या मजल्यावर गेला. श्रीकांतराव घरी नव्हते. त्यांच्या बायकोने, शाळेत शिकवणाऱ्या शैलजाताईंनी, दार उघडलं. त्यांनी खिळ्यावरची चावी काढली, त्याच्या हातात दिली आणि तो वळायच्या आत दार लावून घेतलं.

“चल आई, मिळाली. काकांना नंतर मी समजावतो,” कल्पेश म्हणाला. दोघं वर गेली. मंजुळाबाईंनी दारात चपला काढल्या, वॉटरप्रूफिंगचा मान राखायला.

कुलूप निघालं. गच्चीवर कसलंही वॉटरप्रूफिंग नव्हतं. जुन्याच फरशा, मध्ये मध्ये भेगा. आणि त्या फरशांवर, भर उन्हात, तीन जुन्या साड्या अंथरलेल्या. साड्यांवर ओळीने पापड. कडेला दोन बरण्या, एका सुपात मीठ लावलेली आमसुलं.

“हाई काय शे रे?” मंजुळाबाईंनी विचारलं, जरी त्यांना दिसत होतं.

कल्पेशने एक पापड उचलून पाहिला. “फणसाचे,” तो म्हणाला.

पापड एका बाजूने पार वाळून कडा वर उचलल्या होत्या. आणखी तासाभराने मोडले असते. वरच्या टाकीवर दोन कावळे वाट बघत बसले होते. मंजुळाबाई खाली बसल्या आणि पापड उलटायला लागल्या. एकेक पापड उलटत होत्या आणि एकेकाला एक शिवी देत होत्या. श्रीकांतरावांना, लाल शाईला, अर्जाला, मे महिन्याला. शिव्या चाळीतल्या होत्या, त्या इथे लिहिता येत नाहीत. पण एकही पापड त्यांच्या हातून मोडला नाही. अन्नाने काय घोडं मारलं होतं?

कल्पेश नुसता उभा होता. “आई, मला काय माहीत...”

“तुले माहीत नव्हतं,” बाई म्हणाल्या. “मंग कसानी माफी मांगी तू?”

तेवढ्यात खाली तोच हॉर्न वाजला. श्रीकांतराव परत आले होते, आणि तीनशे दोनची जागा अजून बिबड्यांनी भरलेली होती.

मंजुळाबाईंनी शेवटचा पापड उलटला आणि मुलाकडे पाहिलं.

“जाय. खाले जाय, नि ती माफी परत घिऊन ये.”

कल्पेश जिना उतरायला लागला, सुरुवातीला हळू, मग दोन-दोन पायऱ्या. मंजुळाबाई कठड्याशी गेल्या. खाली श्रीकांतराव मोटारीची काच खाली करून बसले होते, बाया धोतराभोवती उभ्या होत्या, बाल्कन्यांमध्ये पुन्हा माणसं आली होती. कल्पेश त्या सगळ्यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला, आणि सुपरवायझर मशीनच्या आवाजावर बोलतो तसा, चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असा बोलला.

“काका, सकाळी मी सॉरी म्हणालो ना, ते चुकलं माझं. गच्ची उघडी आहे. तुमचे फणसाचे पापड आईने उलटलेत. आता तुम्ही वर जाऊन तिला काय म्हणायचं ते म्हणा.”