दोन ब्रेकर आणि एक गाठ

आमच्या टूलबॅगच्या तळाला नेहमी काहीतरी साठलेलं असतं. कुठल्या घरचा स्क्रू, कुठल्या बोर्डाची पट्टी, काही आठवत नाही. टाकूनही देववत नाही. किश्श्यांचंही तसंच आहे. डॉक्टरकडे जाताना लोक अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून जातात. आम्हाला मात्र ते थेट घरात बोलावतात, कपाट सरकवतात आणि म्हणतात, "बघा आता!" मग जे दिसतं ते दिसतं.

आम्ही तिघे. परशाअण्णा, तीस वर्षं वायरमन. बसू, त्याची बोलती कधी बंद होत नाही. आणि मी, मारुती. आठवीत शाळा सुटली. सकाळी नऊला बेळगावच्या शहापुरात इलेक्ट्रिकच्या एका दुकानासमोर चहाच्या गाड्यावर जमायचं आणि तिथून ज्याच्या त्याच्या कामाला जायचं. फॉल्टचे फोन अण्णा आणि बसूकडे. माझ्याकडे छिन्नी, हातोडा आणि भिंती. नव्या घरात पाइपसाठी भिंत फोडायची असली की "मारुत्याला पाठवा"!

कारण अण्णांनी एकदा सांगून टाकलं होतं, "तुझा हात चांगला हाय रं. पण तोंड न्हाय. फॉल्ट तोंडानं सापडतोय. इचारायला लागतंय."

मला तेच जमत नव्हतं. आणि मला फॉल्टच शोधायचे होते.

* * *

कॅम्पात एक रिटायर्ड सुभेदार राहतात. त्यांच्या घरची लाईट रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास जायची. सुभेदारांनी तारीख, वेळ, सगळं वहीत लिहून ठेवलेलं. सोळा नोंदी!

अण्णा गेले तर सुभेदार म्हणाले, "ह्या घरात माझ्या परवानगीशिवाय कोणी स्विचला हात लावत नाही. डिसिप्लिन आहे. फॉल्ट तुमच्या वायरिंगमध्येच असणार."

अण्णांनी विचारलं, "पाच वाजता घरात काय काय चालू असतंय?"

सुभेदारांनी सगळं घर अंगणात एका ओळीत उभं केलं. बायको, सून, नातू, भांडी घासायला येणाऱ्या आक्कासुद्धा! एकेकाची चौकशी झाली. कोण गीझर लावतं? कोणी नाही. कोण इस्त्री करतं? कोणी नाही. आक्का तर रडायलाच आल्या.

अण्णा फाटकाशी गेले. खांबावरच्या दिव्याचं झाकण काढलं. आतून पेलाभर पाणी सांडलं.

"झाडांना पाणी कोण घालतंय?"

नातवाने हळूच आजोबांकडे बोट केलं.

सुभेदार वही मिटून म्हणाले, "मिस्त्री, हे आपल्या दोघांतच राहू द्या. रिपोर्टमध्ये 'तांत्रिक बिघाड' लिहा."

अण्णांनी आयुष्यात कधी रिपोर्ट लिहिलेला नाही. पण त्या दिवशी लिहिला!

* * *

निपाणीत एकाने नवा बंगला बांधला. हॉलमध्ये एवढे दिवे की आकाश बघायची गरज नाही. पण रात्री सगळं बंद केलं तरी एक दिवा मिणमिणत राहायचा. बटण बंद, दिवा मंद चालू!

मालकांनी वायरमनला बोलावलं नाही. वास्तू बघणाऱ्या एका बुवांना बोलावलं. बुवांनी सांगितलं की जागेत जुनं काहीतरी आहे, ते जायला तयार नाही. जिन्याचं तोंड बदला. जिना फोडला! दिवा मिणमिणतोच. मग मीटरच्या पेटीला लिंबू-मिरची बांधली. तरी मिणमिणतोच.

शेवटी अण्णा गेले. पाच मिनिटांचं काम होतं. वायर ओढताना कोणीतरी उलट केली होती. बटणाने फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, तुटायच्या ऐवजी न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी, तुटत होती, म्हणून बटण बंद करूनही दिव्यापर्यंत थोडा करंट पोहोचायचा. अण्णांनी दोन वायरी बदलल्या. अंधार झाला. मालकांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"आता लिंबू काढू काय?"

"ऱ्हाऊ दे की. लिंबाचा वायरला काय तरास न्हाय."

त्याच आठवड्यात अण्णांना एक फोन आला. आवाज एकदम बारीक. "मी वास्तू बघणारा बोलतोय. आमच्याही घरात एक दिवा मिणमिणतोय. येताना टूलबॅग जरा पिशवीत घालून या."

* * *

बसूचं उलटं. तो एवढं विचारतो की विचारायलाच गेलाय असं वाटतं. एका घरी पंखा बंद म्हणून गेला. तीन तासांनी गाड्यावर आला तो खूश.

"चुलतभावासाठी स्थळ बघून आलो! पोरगी बी.कॉम. हाय. घर चांगलं. आजोबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मामा पोलिसात हाईत."

अण्णा म्हणाले, "आणि पंखा?"

बसूने चहाचा कप खाली ठेवला आणि परत निघाला.

* * *

कोगनोळीच्या बाजूला एक घर आहे. हद्दीला अगदी लागून. घर कर्नाटकात, आणि मागचा गोठा मेव्हण्याच्या जागेत, म्हणजे महाराष्ट्रात. तिथे फ्रीजला हात लावला की झिणझिण्या यायच्या. बसू गेला. शहाण्यासारखं आधी मेन बंद केलं. टेस्टरने तपासलं. घरात सगळं मेलेलं. मग हात घालायला म्हणून तो गोठ्याकडून आलेल्या वायरजवळ गेला, आणि असा उडाला की म्हैससुद्धा उठून उभी राहिली!

वर बघतो तर गोठ्यातला बल्ब झकास चालू.

"अहो, मेन बंद केलंय न्हवं? मग ह्यो बल्ब कसा चालू?"

मालक शांतपणे म्हणाले, "त्यो महाराष्ट्रात हाय."

"आणि ही वायर?"

"ती येती-जाती. इकडची गेली की तिकडची घेतो. तिकडची गेली की मेव्हण्याला इकडची देतो. दोन्हीकडची गेली तर मात्र लई अडचण हुती."

बसूने त्यांना समजावलं की कोणाचा तरी जीव जाईल, ही वायर आत्ताच्या आत्ता काढली पाहिजे. मालकांना पटलं. स्वतः शिडी धरून उभे राहिले. वायर निघाली, गुंडाळून झाली. मग तिच्याकडे बघत म्हणाले, "हद्द हितं तेवढी मिटलेली व्हती बघा. आता हितं पण वाद सुरू झाला."

* * *

आता माझं.

अण्णांनी एकदा मला एकट्याला फॉल्टवर पाठवलं होतं. शहापुरातलंच घर. मधल्या खोलीची लाईट गेलेली. दार उघडलं ते एका आक्कांनी. मी "लाईट" एवढंच म्हणालो आणि कामाला लागलो.

सगळे बोर्ड उघडले. माळ्यावर चढलो. उंदराने वायर खाल्लीय का बघितलं. उंदीर बघितला, वायर चांगली होती. आक्कांनी तीनदा चहा दिला. चार तास झाले. मी घामाने भिजलो, फॉल्ट काही सापडेना.

शेवटी सामान आवरून मान खाली घालून निघालो, तेव्हा आक्का म्हणाल्या, "काल पोरानं लग्नातला फोटो लावला हितं. मोठा खिळा मारला. त्यानं काय झालं नसंल न्हवं?"

फोटो काढला. खिळा उपसला. बरोबर वायरच्या पाइपमधून आरपार गेलेला!

मी आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला उलट बोललो. "आक्का, आधी का सांगितलं न्हाय?"

"तू इचारलंस कुठं?"

ही गोष्ट आक्कांनी अण्णांना सांगितली, अण्णांनी बसूला, आणि बसूने सगळ्या बेळगावला. दुसऱ्या दिवसापासून मी परत भिंती फोडायला लागलो.

* * *

मग वडगावचा फोन आला.

दोघे भाऊ, विणकर. घर एकच होतं. वाटणी झाली आणि मधोमध भिंत आली. सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. माग वाटले, भांडी वाटली, वडीलसुद्धा वाटले. आप्पा पंधरा दिवस इकडे, पंधरा दिवस तिकडे. थोरल्याने घरात शॉक लागू नये म्हणून भारीतला ब्रेकर बसवला. आठवड्यात धाकट्याने तसलाच, वर थोडा मोठा! ह्या ब्रेकरचा हिशेब साधा असतो. घरात जेवढा करंट गेला तेवढाच परत आला पाहिजे. फरक पडला की तो पडतो, घरातली लाईट बंद.

गेले दोन महिने कोणीही साधा पंखा लावला तरी दोन्ही घरांचे ब्रेकर पडत होते. तीन वायरमन येऊन गेले, त्यात आमचा बसूही. ज्याला थोरल्याने बोलावलं त्याने थोरल्याचं घर तपासलं, ज्याला धाकट्याने बोलावलं त्याने धाकट्याचं. तिघांनीही सांगितलं, "फॉल्ट शेजारी आहे." हे उत्तर दोघा भावांना फार आवडलं.

अण्णा मला म्हणाले, "जा तू. सापडला तर फॉल्टचे फोन तुझे. पण फॉल्ट परत आला तर परत छिन्नी. मग माझ्याकडं मागायचं न्हाय."

मी थोरल्याच्या दारातून आत गेलो. आप्पा देवाच्या फळीखाली बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरत होते. मला दोन्ही घरांची मेन एकदम बंद हवी होती. थोरल्याला म्हणालो, "पलीकडं सांगता काय?"

"मी बोलत न्हाय त्याच्याशी. तू सांग."

मी भिंतीकडे तोंड करून हाक मारली. ती स्वयंपाकघरापर्यंतसुद्धा गेली नाही.

"मोठ्यानं!"

परत मारली. आवाज फाटला. थोरला वैतागला आणि असा ओरडला की फळीवरचे देव हलले. "ए रव्या! मेन पाड म्हणतोय त्यो!"

वहिनी हातात उलथणं घेऊन तशाच उभ्या राहिल्या. जरा वेळाने पलीकडून आवाज आला. "पाडला! तुझा पाडलास काय?"

"पाडला की!"

"बघ नीट! तुला लहानपणापास्नं घाई!"

"मला घाई? आणि खळ वाळायच्या आधी सूत मागावर कोण चढवत हुता रं?"

मग अर्धा तास "लाव", "काढ", "आता लाव" असं चाललं. माझी गरजच राहिली नाही.

दोन्हीकडच्या न्यूट्रल सोडवल्या आणि तपासायचा मीटर लावला. मीटर वाजला. म्हणजे दोन्ही न्यूट्रल कुठेतरी एकमेकींना जोडलेल्या होत्या. करंट एका घरात जायचा आणि दोन्ही घरांतून परत यायचा, म्हणून दोन्ही ब्रेकरांचा हिशेब चुकायचा. जुनी वायर देवाच्या फळीवरून भिंतीत जात होती. शिडी लावून तिथल्या वायर-जोडाच्या डबीचं झाकण काढलं.

आत दोन घरांच्या न्यूट्रलच्या दोन काळ्या वायरी, सोललेल्या. तांबं अजून चकचकीत. आम्ही वायरमन वायर पिळतो. ही पिळलेली नव्हती, ही गाठ मारलेली होती. बारीक, चपटी, न सुटणारी. मागावर तुटलेला धागा जोडताना मारतात तशी.

खाली कांड्यांचा आवाज थांबला होता.

मी खाली वाकलो. मला विचारावं लागलं नाही. आप्पाच हळू म्हणाले, "लाईट गेली की भिंतीवरनं इचारत्यात. 'तुमची पण गेली काय?' म्हणून. तेवढंच बोलत्यात."

मी गाठ तोडली. दोन्ही टोकं वेगळी करून टेप लावला. काम ते काम. भावांना सांगितलं, जुना जोड होता, काढला. दोन्हीकडचे पंखे लावले. ब्रेकर पडले नाहीत. हाकाही थांबल्या. गाड्यावर अण्णांनी माझ्या हातात फॉल्टचा पहिला पत्ता दिला.

पाचव्या दिवशी थोरल्याचा फोन. "मिस्त्री, परत आलाय!" मागून धाकट्याचा आवाज. "त्याला म्हण, मोठी शिडी घिऊन ये!"

शिडी एका बाजूने थोरल्याने धरली, दुसऱ्या बाजूने धाकट्याने. दोघेही वर बघत होते. मी डबी उघडली.

तीच गाठ. पण ह्या वेळी तिच्यावर काळा टेप, अगदी आम्ही गुंडाळतो तसा.

आप्पांनी कांडी भरता भरता नुसतं एवढंच म्हटलं, "शॉक बसाय नको कुणाला."

"काय मारुती?" खालून धाकटा.

"सापडला काय रं?" खालून थोरला.

मला छिन्नी आठवली. तरी मी झाकण लावलं. दोन्ही स्क्रू घट्ट केले.

"न्हाय," मी म्हणालो, आणि पहिल्यांदाच माझा आवाज दोन्ही घरांत नीट ऐकू गेला. "उद्या परत बघू. दोघंबी घरात थांबा."