पोलंडसाठी रोडगे

अंकुर पहिल्यांदा महागावच्या शाळेत आला, तेव्हा त्याचं रडणं ऐकून बाजारातल्या बैलांनी दावी तोडली, पार पलीकडच्या फुलसावंगी गावातल्या लोकांनी भोंगा झाला समजून शेतातली कामं थांबवली आणि खुद्द मुख्याध्यापक टेबलाखाली सापडले. कारण काय, तर शाळा घरापासून दोन गल्ल्या लांब होती. एवढ्या परमुलखात आपलं कसं होणार, ही त्याची चिंता. शेजारी बसलेल्या रजतने चिवड्याची मूठ त्याच्या उघड्या तोंडात कोंबली आणि तालुक्यात शांतता पसरली. रजतला वाटलं, काम झालं. ते काम जन्माचं गळ्यात पडलं.

अंकुर मोठा झाला, म्हणजे फक्त उंचीने. पुण्याला कॉलेजात गेला तो आठवडा भरायच्या आत परतला, कारण तिथे पोह्यांवर तर्री घालत नाहीत. पुसदला वरातीत गेला तरी अक्षता पडताच परतीची बस शोधायचा. रजतचं चौकात विहिरीवरच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. त्यापुढच्या बाकावर बसून अंकुर जगाला नावं ठेवी. मुंबई दमट, नागपूर उर्मट, यवतमाळ उगीच वाढलेलं. महागावची मात्र धूळसुद्धा चवदार. रजत तार गुंडाळत ऐकून घेई, आणि एखाद्या दिवशी अंकुर आला नाही, तर मोटार उलटी फिरेल अशी तार गुंडाळून ठेवी.

असा हा जगप्रवासी पोलंडला निघाला. त्याच्या आईला, इंदूबाईंना, कुणीतरी सांगितलं की तिथे पेटीत सफरचंदं भरायला भक्कम पगार देतात. घरचा कापूस ज्याने कधी वेचला नाही, तो परक्यांची सफरचंदं भरणार. अंकुर आईपुढे नुसती मान डोलवत राहिला. नाही म्हणायला कणा लागतो, आणि याचा बाकाला चिकटलेला.

रजतने चारचौघांत त्याची टिंगल चालू ठेवली. मग एका संध्याकाळी गुपचूप गावाबाहेरच्या मारुतीकडे जाऊन हात जोडले. "देवा, याचा व्हिसा येऊ देऊ नको. साऱ्या गावाले रोडगे चारतो."

व्हिसा आला. मागोमाग इंदूबाई दुकानात आल्या.

"रजत, व्हिसा येऊ दे म्हणून म्या मारुतीले रोडगे कबूल केलते बाप्पा. भाजाचं काम तुह्याकडे. तुह्यासारखे कोणालेच जमत नाही."

"भाजतो काकू," रजत म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

मारुतीच्या पारापुढे सारा गाव पंगतीला बसला. रजत गोवऱ्यांच्या निखाऱ्यातून कणकेचे टम्म रोडगे बाहेर काढत होता. डोळ्यांत धूर जातो आहे, असं त्याने कोणी न विचारता दोघातिघांना सांगून टाकलं. अंकुर शेजारी येऊन उकिडवा बसला.

"एक सांगू काय बे? मी बी नवस बोललतो. व्हिसा नाही आला पाहिजे म्हणून."

रजतचा चिमटा हवेतच राहिला. "मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तू हसला असता."

"हसलोच असतो. मी बी तेच मांगून आलतो, येड्या."

दोघांनी एकदमच शेंदूर माखलेल्या मारुतीकडे पाहिलं. दोन मर्दांचं सोडून त्याने आईचं ऐकलं होतं.

"मंग जाऊ नको ना," रजत हळूच म्हणाला.

अंकुरने पंगतीकडे नजर टाकली. नगरसेवक वांग्याच्या भाजीत आणखी एक रोडगा चुरत होते. "आता कसं? रोडगे खाल्ले ना गावानं."

नवस फिटला, गाव जेवलं आणि नवसाचा माणूस घरीच, असं महागावात आजवर झालेलं नाही. ज्या गावासाठी राहायचं, त्याच गावाने ढेकर देऊन त्याला वाटेला लावलं.

मंगळवारी अंकुर गेला. तिकडे त्याला रात्रपाळी मिळाली. रजतचं दुकान उघडं असतं तेव्हा तो झोपलेला असतो, आणि तो उठून स्वयंपाक, कपडे आटोपतो तोवर इकडे मध्यरात्र होऊन रजत झोपलेला असतो. दिवाळीपासून दोघांचं बोलणं झालेलं नाही.