बारावा दगड

बाळांनो, गेल्या आठवड्यात तुम्ही डोंगरावरचा फोटो पाठवलात. पाठीवर पिशव्या, हातात बाटल्या आणि मागच्या झाडावर वाट दाखवणारा पिवळा बाण. तो बाण बघत मी बराच वेळ फोन हातात धरून बसले. मीही एकदा डोंगरावर वाटेच्या खुणा केल्या होत्या. त्या दिवशी जे घडलं त्याला काय म्हणावं हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही नीट कळत नाही. कृपा म्हणावी, तर त्या सकाळी मीच देवाला बाजूला ठेवून निघाले होते. योगायोग म्हणावा, तर जीभ रेटत नाही. तुमच्या आईला त्यातलं फारसं आठवत नाही, म्हणून मला आठवतं तसं लिहून ठेवते.

लातूर नवा जिल्हा झाला आणि काही दिवसांनी तुमच्या आजोबांची नांदेडहून तिथल्या कचेरीत बदली झाली. कचेरीत टेबलं आली होती, खुर्च्या यायच्या होत्या. त्यातच दुष्काळ पडला. नळाला चार-चार दिवस पाणी नसे. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे आणि घरी प्रत्येक गोष्टीची यादी करत असे. पाण्याच्या भांड्यांवरसुद्धा मी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या: पिण्याचं, स्वयंपाकाचं, पूजेचं. तुमची आई तेव्हा सहा वर्षांची. खेळायला अंगण नाही, ओळखीचं कोणी नाही, म्हणून ती दिवसभर खिडकीत बसून राही. तेव्हा मी ठरवलं की एका रविवारी तिला बालाघाटच्या पठारावर न्यायचं. तिथं वन खात्यानं एक रान राखलं होतं. काळे खडक, हिवराची झाडं, मोर, आणि लेकरांनाही जमेल अशी तासाभराची पायवाट. आजोबांनी कचेरीतला नकाशा पाहून सांगितलं होतं की वर एक झरा आहे.

आपल्या घराण्यात गळ्यात इष्टलिंग असतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याची पूजा होईपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, ही माझ्या आईची शिकवण. त्या सकाळी मात्र बस लवकरची होती आणि पूजेच्या तांब्यात जेमतेम पेलाभर पाणी होतं. मी ते पिण्याच्या पाण्यात ओतलं. पूजा वर झऱ्यावर करू, असं स्वतःला समजावलं आणि विभूतीची वडी रुमालात बांधून घेतली. खरं सांगते, त्या दिवसांत माझी श्रद्धा सवयीपुरतीच उरली होती. लिंग गळ्यात होतं, पण त्याच्याशी बोलणं सुटलं होतं.

बस उशिरा आली. आम्ही पठाराच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा उन्हं चढली होती. परत फिरायला हवं होतं, पण यादीत ‘डोंगर’ लिहिलेलं होतं. वाटेला फाटे फार होते, म्हणून प्रत्येक वळणावर मी बोटांना विभूती लावून एका दगडावर तीन आडव्या रेघा ओढत गेले. काळ्या दगडावर पांढऱ्या रेघा लांबून दिसत.

आजोबा हसले. “अगं, वाट दाखवतेस की महादेव स्थापन करतेस?”

“परत येताना चुकलो म्हणजे कळेल,” मी म्हणाले. पण पूजेआधी विभूती अशी खर्चावी, हे मनाला कुठेतरी बोचत होतं. अशा अकरा खुणा झाल्या. मी मोजत होते.

वर झरा कोरडा होता. तळाला फुटलेला चिखल आणि मोराची पावलं, एवढंच. आम्ही एका कपारीच्या सावलीत बसलो. पाण्यासाठी आम्ही छागळ घेतली होती, म्हणजे कॅनव्हासची पिशवी. वारा लागला की तिच्यात पाणी गार राहतं. म्हणून मी ती मुद्दाम हिवराच्या फांदीला अडकवली. डबा उघडला, बापलेकीला दशम्या दिल्या आणि त्यांना पाणी द्यायला उठले, तर छागळ रिकामी. हिवराचा काटा आरपार गेला होता. खालची माती ओली झाली होती, तीही वाळत आली होती.

त्यानंतर सगळं भराभर झालं. तुमची आई “डोकं दुखतंय” म्हणाली, मग काहीतरी असंबद्ध बोलू लागली. तोंड लालबुंद, अंग तव्यासारखं तापलेलं, आणि घाम मुळीच नाही. तिला ऊन लागलं होतं. तिला उचलून त्या उन्हातून न्यायची आमची छाती होईना. आजोबा म्हणाले, “तू सावलीत थांब, मी खाली वन खात्याच्या चौकीवर जाऊन पाणी आणतो,” आणि खुणांच्या वाटेनं जवळजवळ पळतच गेले.

मी लेकराला मांडीवर घेऊन पदरानं वारा घालत राहिले. तिचे डोळे अर्धवट मिटले होते. प्रार्थना करावी असं वाटे आणि शब्द सापडत नसत. इतके दिवस ज्याच्याशी बोलले नाही त्याला आज कोणत्या तोंडानं हाक मारू? पूजेचं पेलाभर पाणी मी ज्या छागळीत ओतलं, तीच गळून गेली होती. ही शिक्षा आहे की नुसता काटा आहे, हे मला ठरवता येईना. शेवटी मी लिंग मुठीत धरलं आणि म्हटलं, माझं डोकं चालत नाही. आता तूच बघ.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग वळणापलीकडून कोणीतरी पुटपुटत येत असल्याचं ऐकू आलं. डोक्यावर कळशी घेतलेली एक म्हातारी वर आली. तिनं आमच्याकडे पाहिलंही नाही. आमच्या शेजारच्या दगडापाशी वाकली आणि त्यावर ओंजळभर पाणी घातलं. मग आम्ही तिला दिसलो.

“अगं माय! लेकराला काय झालं?”

माझ्या तोंडून फक्त “पाणी” एवढंच निघालं. तिनं पोरीच्या कपाळाला हात लावला आणि माझ्यावरच ओरडली, “ऊन लागलंय की गं! अन् तू बसून राहिलीस? सोड तिचा झगा, मोकळी कर.” आपला पदर भिजवून तिनं मानेवर, काखेत, पोटावर ठेवला. भाकरीच्या गाठोड्यातून कांदा काढला, दगडावर ठेचला आणि तळपायांना चोळला. मी कळशी लेकराच्या तोंडाला लावायला गेले तर म्हातारीनं माझा हात झटकला. “ढसाढसा पाजू नको. थेंब थेंब दे.” हळूहळू तुमच्या आईनं डोळे उघडले आणि म्हणाली, “आई, गार आहे.” तेव्हा मी रडले.

म्हातारी तोवर बोलतच होती. “आमच्या वाडीनं नवस बोललाय, पाऊस पडस्तोवर वरच्या महादेवाला रोज एका घरानं पानी घालायचं. आज माझी पाळी. टँकर उशिरा आला, म्हून उनात निघाले. तर वाटंनं ह्ये एवढे देव बसलेले! कवा आले म्हनलं? एकाला घालावं अन् दुसऱ्याला नको, हे बरं दिसत न्हाई. चुळकाभर चुळकाभर घालीत आले. माझी वाट तर खालच्या फाट्यावरच वळती, पर देव हिकडं बसलेले.”

मला राहवेना. “आजी, ते देव नाहीत. वाट चुकू नये म्हणून मीच खुणा केल्यात.”

तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. “मग? चुकलीस का?”

“नाही.”

“झालं तर.” मग हसून म्हणाली, “पर ह्यो बारावा लई बारका देव हाय.”

मी म्हटलं, अकराच आहेत, अकरावा वळणाच्या खाली. तिनं आमच्या शेजारच्या दगडाकडे बोट दाखवलं. त्यावर तीन वाकड्या, आखूड रेघा होत्या. चिमुकल्या बोटांच्या. आम्ही डबा उघडत होतो तेव्हा तुमच्या आईनं माझ्या रुमालातली विभूती घेऊन माझी नक्कल केली होती. तो दगड वळणावरून दिसत होता; आम्ही कपारीच्या आडोशाला, दिसत नव्हतो. त्या रेघा नसत्या तर म्हातारी अकराव्यावरूनच मागे फिरली असती.

कळशी जवळजवळ रिकामी झाली होती. “आणि तुमच्या महादेवाचं पाणी?” मी विचारलं.

“त्यो कुठं पळतोय? उद्या दुसरीची पाळी हाय.” उरलेलं घोटभर पाणी तिनं माझ्या पुढ्यात धरलं. मी म्हणाले, माझी पूजा झालेली नाही. ती म्हणाली, “एवढं लेकरू न्हाऊ घातलं, अजून कोणती पूजा राहिली बाई?” मी ते पाणी प्यायले. कळशी काखेत मारून ती गेली. तिचं नाव विचारायचं मला सुचलं नाही. माझ्यासारख्या यादी करणाऱ्या बाईला.

थोड्याच वेळात आजोबा चौकीवरच्या राखणदाराला आणि पाण्याला घेऊन आले. मी विचारलं, “वाटेत म्हातारी भेटली ना?” नाही म्हणाले. जाताना नाही, येताना नाही. खुणांची वाट त्यांनी सोडली नव्हती. दगड ओले होते का, तर तेही कोरडे. राखणदार म्हणाला, “हाव, वाडीच्या बाया येतात पाळीनं.” तसं पाहिलं तर तापलेल्या दगडावरचं पाणी क्षणात उडतं, आणि घाबरलेल्या बापाला समोरचं माणूसही दिसत नाही. मी हे सगळं अनेकदा मांडून पाहिलं आहे. दर वेळी हिशेब जवळपास जुळतो, पूर्ण जुळत नाही. आता जुळवायचं मी सोडून दिलं आहे.

एवढं मात्र कळलं, की मी खुणा केल्या त्या आम्हाला परत जाता यावं म्हणून. कोणी आमच्यापर्यंत यावं म्हणून नव्हे. माझी छागळ गळाली, नकाशा चुकला, यादी निरुपयोगी ठरली. उपयोगी पडल्या त्या एका लेकरानं खेळता खेळता ओढलेल्या तीन रेघा, आणि एका बाईची, दगडालाही तहानलेलं न ठेवण्याची रीत.

त्या दिवसापासून लिंगपूजा चुकली नाही. पाणी नसेल तेव्हा कोरडीच करते. आणि कुठेही बाटली उघडली की पहिल्या चार थेंबांनी जवळचा दगड भिजवते. तुमची आईही तसं करते. का, हे कदाचित तिलाही ठाऊक नसेल. पुढच्या वेळी डोंगरावर जाल तेव्हा तिच्याकडे बघा. हसू आलं तर खुशाल हसा, पण तुमच्याही बाटलीतले चार थेंब सांडू द्या.