कार्मेनच्या मसाल्याची वाइन

रोज दुपारी दोनला, ड्यूटीवर निघण्याआधी, व्हॅलेंटाईन कालवणाच्या भांड्यावर वाकायचा, डोळे मिटून दोनदा वास घ्यायचा आणि खिशातल्या वहीत काहीतरी लिहायचा. मस्कतच्या हमरिया भागातल्या त्या दोन खोल्यांत हा नेम वर्षानुवर्षं चुकला नाही. त्याची बायको कार्मेन म्हणायची, "चर्चमध्ये तरी एवढा वाकतोस का रे?"

व्हॅलेंटाईन वसईचा. मस्कतच्या एका मोठ्या हॉटेलात वेटर. वाइन तो तिथेच चाखायचा, घोटभर, आणि थुंकून टाकायचा. घरी बाटली आणायला परमिट लागायचं, ते पगार बघून मिळायचं, आणि त्याचा पगार तेवढा नव्हता. म्हणजे वाइन हॉटेलात, जेवण हमरियात. दोघांची गाठ पडायची ती फक्त त्याच्या नाकात.

पुस्तकं सांगायची, मासळीबरोबर शाब्ली, म्हणजे फ्रान्सची आंबटसर पांढरी वाइन. हॉटेलात तिखट कोळंबीबरोबरही तीच ओतायचे, आणि पाहुणे तोंड वाकडं करायचे. व्हॅलेंटाईनने सत्त्याण्णव साली वहीत लिहिलं: बाटली मसाल्यातली कोळंबी, नारळाच्या दुधात. तिच्याबरोबर फ्रान्सच्या आल्सासची गेवुर्झट्रामिनर. लिची आणि गुलाबाचा वास, किंचित गोडवा. फार गार नको.

बाटली मसाला कार्मेनचा. दर मे महिन्यात वसईला जाऊन ती मिरच्या वाळवायची, भाजायची, कुटायची आणि बिअरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरायची. परतताना मस्कतच्या सीब विमानतळावर कस्टमवाल्याने एकदा बाटली बघून डोळे वटारले, बूच काढलं आणि सात वेळा शिंकला. "यल्ला, यल्ला," म्हणत त्याने हातानेच तिला हाकललं.

पुढच्या वर्षी हॉटेलला सोमेलिए हवा होता, पाहुण्यांना वाइन निवडून देणारा जाणकार. व्हॅलेंटाईनने अर्ज केला. मुलाखतीला तो डब्यात कोळंबी आणि मसाल्याची एक बाटली घेऊन गेला. साहेबांनी ती गेवुर्झट्रामिनरबरोबर खाल्ली, बोटं चाटली, मसाल्याची अख्खी बाटली ठेवून घेतली. तीन आठवड्यांनी सोमेलिए आला: युरोपातला, सव्वीस वर्षांचा.

"साहेब म्हणाले, या कामाला गेस्टना वेगळा चेहरा लागतो," व्हॅलेंटाईन बूट काढता काढता म्हणाला.

"चेहरा? वास काय चेहऱ्याने घेतात?"

त्याने दुसरा बूट काढला. महिन्याभराने त्याने नवं मेनूकार्ड घरी आणलं. कोळंबी होती, वाइन होती, खाली तिरप्या अक्षरांत: आमच्या सोमेलिएचा शोध. त्याखाली त्या पोराचं नाव. कार्मेनने ते उभ्याउभ्या तीनदा वाचलं. तिचे कान तापले. रोज त्या भांड्यावर कोण वाकत होतं, हे तिने डोळ्यांनी बघितलं होतं. बारा वर्षं ज्यांची ताटं उचलली, त्यांना त्याचं नाव छापायला एक ओळ सापडली नाही!

आणि निर्लज्जपणा बघा. मसाला संपल्यावर त्यांनी त्यालाच सांगितलं, घरून अजून आण.

"बाजारची तयार पूड घालून बघितली त्यांनी. जमत नाही म्हणे," तो चाचरत म्हणाला. "देऊ या का एक बाटली?"

"कार्डावर तुझं नाव घाल म्हणावं. त्याच दिवशी देते."

"नाव नाही घालणार ते, कार्मेन."

"मग खलास!"

दुसऱ्या दिवशी तिने एक तपकिरी बाटली रिकामी केली, साबणाने घासली, उन्हात वाळवली, बूच घट्ट लावलं आणि त्याच्या हातात दिली. "ही दे साहेबांना. आत काय घालायचं ते त्यांच्या सोमेलिएला विचार म्हणावं. शोध त्याचाच आहे ना."

व्हॅलेंटाईनने ती खरोखर नेऊन दिली. त्याच्या सबंध नोकरीतलं एवढंच एक बंड. कोळंबी कार्डावरून गेली. त्याला वाइनपासून काढून नाश्त्याच्या चहा-कॉफीवर टाकलं. आता तो पहाटे जायचा आणि दोनला परतायचा, पण बूट काढण्याआधी भांड्यावर वाकायचाच. कॉफी ओतणाऱ्या माणसाला कसली वही? तरी ती भरत राहिली.

दोन हजार सहामध्ये, हॉटेलच्या पॅन्ट्रीत, किटली हातात असताना तो कोसळला, तो पुन्हा उठलाच नाही. हॉटेलने फुलं पाठवली. सोबतच्या कार्डावर त्याच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं. कार्मेनने फुलं ठेवली, कार्ड परत पाठवलं.

वही तिने नंतर उघडली. प्रत्येक पानाखाली एकच ओळ होती: रांधणारी कार्मेन, वाइन निवडणारा व्हॅलेंटाईन.

त्या शेवटच्या पहाटे कामाला निघताना दारातून तो एवढंच म्हणाला होता, "कोळंबी आणलीस तर डोकी टाकू नकोस हां, रस्सा चांगला होतो."