पेवातल्या एकतीस बाटल्या

लक्ष्मीपुरीत चन्नाप्पाचं रिकाम्या बाटल्यांचं दुकान कुणाला विचारलं, तर माणूस आधी हसायचा आणि मग वाट दाखवायचा. हसण्यासारखं होतंच ते. गळ्यात लिंग, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, आणि खिशात दारू बाळगायचा सरकारी परवाना! अख्ख्या गल्लीत असा परवाना काढलेला तो एकटाच. पिणाऱ्यांना त्याची कधी गरज वाटली नव्हती.

धंदा बापापासूनचा. घरोघरच्या रिकाम्या बाटल्या घ्यायच्या, सोड्याच्या पाण्यात धुवायच्या आणि काकवीवाल्यांना, फिनेलवाल्यांना विकायच्या. धुतलेली प्रत्येक बाटली दोनशे वॅटच्या बल्बसमोर धरून बघायची असा त्याचा नेम होता. आत कणभर गाळ दिसला तर बाटली पुन्हा टाकीत जायची. चन्नाप्पाच्या बाटलीत मुंगीसुद्धा सापडणार नाही, असं काकवीवाले म्हणायचे.

त्र्याण्णव साली ताराबाई पार्कातला एक साहेबी बंगला पाडला आणि तिथलं भंगार पोत्यांनी दुकानात आलं. पिराजी, दुकानचा जुना गडी, पोतं उपसता उपसता म्हणाला, "मालक, ही भरलेली हाय. वतू का गटारात?"

चन्नाप्पानं बाटली हातात घेतली. काळपट हिरवी, वजनाला दणदणीत, बूच लाखेनं बंद. जुन्या हातघडणीच्या काचेसारखी अंगावर साच्याची रेघ दिसतच नव्हती आणि बुडाची वाटी आत बोटभर गेलेली. आयुष्यभर काच हाताळलेल्या माणसाला अशी काच दिसली की काय होतं, ते त्यालाच ठाऊक. ती बाटली गटारात ओतणं त्याच्यानं होईना. समोरच्या माडीवर राहणाऱ्या प्राध्यापकांनी लेबल वाचून सांगितलं की ही पोर्ट वाईन आहे, एकोणीसशे बाराची. द्राक्षाच्या वाईनमध्ये ब्रँडी घालतात, म्हणून ती लवकर नासत नाही, उलट मुरत जाते.

"म्हंजे लोणच्यागत?" चन्नाप्पानं विचारलं.

"लोणच्यापेक्षा हट्टी," प्राध्यापक म्हणाले. बाटली आडवी ठेवा, बूच ओलं राहिलं पाहिजे, जागा थंड आणि अंधारी हवी, असंही त्यांनी बजावलं. थंड अंधारी जागा चन्नाप्पाकडे होती. दुकानामागच्या घराखाली आज्ज्याच्या वेळचं जोंधळ्याचं पेव रिकामं पडलं होतं. शिडीनं उतरून त्यानं पहिली बाटली तिथं वाळूत निजवली.

गंगव्वा, त्याची आई, त्या दिवसापासून पेवाच्या तोंडाशी फिरकली नाही. "जंगमस्वामी जेवाय येत्यात ह्या घरात. आन् तू दारू पुरतोस व्हय?" एवढं बोलून ती जी गप्प झाली, ती बाटल्यांच्या बाबतीत पुढची अकरा वर्षं गप्पच. आणि गंगव्वाचं गप्प बसणं म्हणजे काय, ते तिच्या हाताखाली वाढलेल्यालाच कळावं. गल्ली हसली तर चन्नाप्पाला त्याचं काही नव्हतं. पण पोरानं काहीतरी चांगलं जमवलं, असं अव्वानं एकदा म्हणावं, ही भूक त्याला होती, आणि ती काही केल्या भागत नव्हती.

माणूस नादाला लागला की त्याला वाटा आपोआप सापडतात. साखर कारखान्याच्या जुन्या गोऱ्या इंजिनियराच्या माळ्यावरून दोन आल्या, कागलच्या एका जुन्या दवाखान्यातून तीन. पण सगळ्यांत दमवलं ते गडहिंग्लजच्या चिमणाबाईनं. ही म्हातारी सुईण. पूर्वी डॉक्टर बाळंतिणीला ताकदीसाठी पोर्ट वाईन देत, रोज दोन चमचे. चिमणाबाई जिच्या हाताखाली होती, त्या दवाखान्याच्या मडमिणीनं देश सोडताना एक पेटी तिच्या हवाली केली होती. अकरा बाटल्या बाळंतिणींच्या पोटात गेल्या, बारावी उरली. तिच्यावर दवाखान्याची नुसती 'टॉनिक' लिहिलेली चिठ्ठी होती.

चन्नाप्पा चार वेळा एसटीनं गेला. चारही वेळा म्हातारीचं उत्तर एकच, "बाळंतिणीबिगर कुणाला द्यायची न्हाय. पैशाचं नाव काढू नगंस."

पाचव्या खेपेला त्यानं पैशाचं नाव काढलं नाही. डिंकाच्या लाडवांचे दोन डबे, अळीव आणि काकवीच्या बारा बाटल्या घेऊन तो तिच्या दारात उभा राहिला. म्हातारीनं एक बाटली उन्हात धरली, आत कचरा नाही ना ते पाहिलं आणि म्हणाली, "ह्यात चार बाळंतपणं निभत्यात. ने तुझी ती दारू." येताना चन्नाप्पा बाटली मांडीवर आडवी धरून बसला. कंडक्टरनं विचारलं, तर म्हणाला, "तान्हं हाय."

दोन हजार चारपर्यंत पेवात एकतीस बाटल्या झाल्या. प्राध्यापकांनी त्यांचे फोटो आणि इंग्रजी पत्र मुंबईला एका जाणकार साहेबांना धाडलं. साहेब जुन्या वाईनचं मोठं प्रदर्शन भरवणार होते. उत्तर आलं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी स्वतः येतो, बाटल्या खऱ्या निघाल्या तर प्रदर्शनात तुमच्या नावानं मांडू. चन्नाप्पानं ते पत्र अव्वाला दोनदा वाचून दाखवलं. ती जोंधळे निवडत राहिली.

खंडेनवमीला दुकानातली हत्यारं धुऊन पुजायची असतात. चन्नाप्पा सकाळी झेंडू आणायला गेला आणि तिथून कागलला माल बघायला. दुपारी परत येतो तर तराजू, वजनं, ब्रश आणि पोती शिवायच्या सुया पाटावर मांडलेल्या, आणि त्यांच्या पुढं ओळीनं एकतीस बाटल्या! लख्ख धुतलेल्या. प्रत्येकीवर भस्माचे तीन पट्टे, प्रत्येकीपुढं फूल. शेजारी टाकीत सोड्याचं पाणी, आणि त्या पाण्यावर लेबलांचा लगदा तरंगत होता.

"लई घाण बसलीती," गंगव्वा पदराला हात पुसत म्हणाली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची म्हातारी शिडीनं एकतीस वेळा पेवात उतरली होती. "पिराजीला हात लावू दिला न्हाय मी. तू पोरावानी जपतोस त्यास्नी. मग ती बी तुझी हत्यारंच की."

चन्नाप्पा टाकीपाशी वाकला; लगद्यातलं एक अक्षरही वाचता येत नव्हतं. अकरा वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली तो आला होता, आणि येताना सगळ्याचा पुरावा धुऊन घेऊन आला होता. रडावं की पाया पडावं, त्याला समजेना. तो पाया पडला. मग एकेक बाटली उचलून त्यानं आडवी निजवली आणि लगदा तसाच टाकीत राहू दिला.

साहेब ठरल्या दिवशी आले. उंच, गोरेपान, भिंग गळ्यात अडकवलेलं. बाटल्या पाहून त्यांचा चेहराच उतरला. "लेबल कुठंय? अहो, फोटोतल्या बाटल्या त्या ह्याच, हे लेबलाशिवाय मी कशावरून ओळखायचं? यात काकवी असली तरी मला कळणार नाही."

"काकवी भरतोय आमी, पर लाखबंद न्हाय," पिराजी मागून म्हणाला. साहेब हसले नाहीत. ते दारात बसून बूट घालू लागले.

चन्नाप्पाला हात मोकळे ठेवून उभं राहवेना. चाळीस वर्षं धुतलेल्या बाटलीचं जे केलं तेच हातांनी केलं. त्यानं जवळची बाटली उचलून बल्बसमोर धरली. ती चिमणाबाईची होती. शंभर वर्षांचा मळ गेलेला, काच आरपार. लाखेच्या खाली, मानेत लांब बूच दिसत होतं, आणि त्या बुचावर डागलेली अक्षरं. इंग्रजी त्याला बेताचंच येई, पण आकडे येत होते.

"एक. आठ. सात. शून्य," तो म्हणाला.

साहेब एक बूट घालून, एक हातात घेऊन तसेच आत आले. त्यांनी भिंग लावलं, बाटली फिरवली, पुन्हा फिरवली. खुर्ची ओढून बसले. "लेबल कुणीही चिकटवील," ते म्हणाले. "बाटली भरताना बुचावर साल डागतात, ते आतून कोण बदलणार? हे मळामुळं कुणाला दिसलंच नसतं. कुणी धुतल्या?"

"आमच्या अव्वानं," चन्नाप्पा म्हणाला, आणि ते इतक्या मोठ्यानं म्हणाला की समोरच्या माडीवरचे प्राध्यापक खिडकीत आले.

एका दिवसासाठी आलेले साहेब तीन दिवस राहिले. एकतीसपैकी सत्तावीस बुचं वाचली गेली. एकोणीसशे बाराची खरीच बाराची निघाली. बाटल्या बल्बसमोर धरायचं काम गंगव्वानं कुणाला करू दिलं नाही. गल्लीतले हसणारे आता दारात रांग लावून उभे होते, आणि ती त्यांना चपला बाहेर काढायला लावत होती.

निघताना साहेबांनी त्या सत्तावीस बाटल्यांची प्रदर्शनासाठी चन्नाप्पाच्या नावानं नोंद केली. मग चिमणाबाईची बाटली पुन्हा हातात घेऊन हळूच विचारलं, "ही मला द्याल? तुम्ही सांगाल तो आकडा."

चन्नाप्पा तोंड उघडणार, इतक्यात गंगव्वानं साहेबांच्या हातातून बाटली काढून पदराखाली घेतली.

"पावणं," ती म्हणाली, "पुजलेलं हत्यार कुणी इकतंय व्हय?"