साडेतेरा इंचांचा सोफा

आमच्या सेठचा एक नियम होता. कारखान्यात तयार झालेला प्रत्येक नवा सोफा बाजारात जाण्याआधी पंधरा दिवस डिझाइनवाल्याच्या घरी राहणार. घरच्यांनी त्यावर बसायचं, लोळायचं, चहा सांडायचा आणि मग एक फॉर्म भरायचा. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात बाकीचे लोक फोटो बघून माल उतरवायचे. आमच्याकडे मात्र चक्क डिझाइन डिपार्टमेंट होतं. डिपार्टमेंट म्हणजे मी, कॉम्प्युटरवर चित्रं काढणारी एक मुलगी, नमुना बनवणारे मिस्त्री आणि एक पंखा. त्यात साहेब मी. पंखासुद्धा माझ्याच बाजूला फिरायचा.

गेल्या वर्षी सेठच्या हातात एक रेडीमेड कॅटलॉग आला. त्यात शंभर सोफे, मापांसकट. तो माझ्या टेबलावर आपटून सेठ म्हणाले, "ये देखो. सगळं तयार मिळतंय. मग तुम्ही तिघं करता काय?"

मी म्हटलं, "सेठ, आपला नवा सोफा बघा ना आधी."

"तोच बघणार. पालेगावच्या बिल्डरला सॅम्पल फ्लॅटसाठी सोमवारी सोफा दाखवायचाय. तुमचा पसंत पडला तर तुम्ही राहाल. नाही पडला तर कॅटलॉग. रविवारी मी तुझ्या घरी येतो, खुद बसून बघतो."

एकोणपन्नासाव्या वर्षी नवी नोकरी शोधायची म्हणजे काय, हे मी इथे लिहीत नाही. मुलीच्या कॉलेजची फी त्याच वर्षी भरायची होती. मुलींची मुंज नसते म्हणून, नाहीतर तीसुद्धा त्याच वर्षी निघाली असती.

सोफा तेव्हा अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या दोन खोल्यांत बारा दिवस मुक्कामाला होता. दिसायला देखणा. जमिनीलगत, लांबट, परदेशी मासिकातला वाटावा असा. सीटची उंची साडेतेरा इंच. मिस्त्री म्हणाले होते, "साहेब, फार खाली होतंय." मी म्हणालो होतो, "मिस्त्री, फोटोत बघा."

बाबा मात्र बारा दिवस बाल्कनीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीतच बसत होते. एका कारखान्यात तीस वर्षं उभ्याने काम करून त्यांचे गुडघे गेलेत. मी मनाशी ठरवून टाकलं की त्यांना वारा आवडतो. फॉर्मवर प्रश्न होता, 'घरातील ज्येष्ठांना बसता-उठता त्रास?' मी 'नाही' वर टिक केली.

बायको म्हणाली, "त्यांना विचारलंत का?"

"विचारायचं काय त्यात? तक्रार केलीय का त्यांनी?"

"त्यांनी आजवर कशाची केलीय?" असं म्हणून ती आत गेली.

रविवारी सकाळी मी बाबांना म्हटलं, "बाबा, आज जरा सोफ्यावर बसा. सेठ यायचेत. माझ्या नोकरीचं आहे."

बाबांनी सोफ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विहिरीत बादली सोडावी तसे खाली गेले.

सेठ अकराला आले. साठीचे, पण काडीसारखे. बसले, उठले, पुन्हा बसले. चेहरा खुलला. मग बाबांना विचारलं, "बाबा, कसा वाटतो?"

बाबा म्हणाले, "ढगावर बसल्यासारखं वाटतं."

ते वाक्य मी या सोफ्यासाठी लिहिलेल्या जाहिरातीतलं होतं. माणसाने पाठ करून ठेवलं होतं.

सेठनी फॉर्म वाचला, हसले, चहा संपवला आणि उठले. "चलतो बाबा."

आता आमच्या बाबांची रीत अशी की गॅस सिलेंडरवाल्यालासुद्धा ते लिफ्टपर्यंत सोडायला जातात. आणि त्या दिवशी ते बसून राहिले. बसूनच हात जोडले. क्षणापूर्वी तेच हात सोफ्याच्या कडेवर जोर लावून पाहत होते.

सेठ दारात थांबले. "मागच्या वेळी आपण मला गाडीपर्यंत सोडलं होतं. आज काही नाराजी?"

"नाय नाय. पायाला मुंग्या आल्यात."

"अरे! मग मी थांबतो. सावकाश." आणि सेठ बाबांच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले.

बायकोने पुन्हा चहा ठेवला, भांड्याचा आवाज जरा जास्तच करत. बाबा हसत होते आणि कपाळावर घाम होता. सेठनी एकदा घड्याळ बघितलं. मला वाटलं, आता फोन येईल आणि सेठ जातील. दोन मिनिटं, बस. सोमवारी सोफा जाईल, आम्ही तिघं राहू. फोन आला नाही. बाबांनी पुन्हा कडेवर जोर दिला, चार बोटं वर आले आणि परत खाली बसले. माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर मला सोपं गेलं असतं.

मी उठलो, त्यांचे दोन्ही हात धरले आणि ओढलं. गुडघे कडकन वाजले.

"सेठ, मुंग्या-बिंग्या नाहीत. सीट खाली आहे. मिस्त्रींनी सांगितलं होतं, मीच ठेवली. फोटोत बरी दिसते म्हणून. फॉर्मपण खोटा आहे."

बाबा चिडून पुटपुटले, "कशाला बोललास, बाला? जातच होते ते."

सेठनी फॉर्मची घडी करून खिशात घातली. बाबा त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले. बराच वेळ आले नाहीत. काय बोलणं झालं, ते त्यांनी मला आजवर सांगितलेलं नाही.

सोमवारी मी टेबलाचा ड्रॉवर रिकामा करायच्या तयारीने पिशवी घेऊन गेलो. पालेगावला कॅटलॉगमधला सोफा गेला होता. सेठ माझ्या टेबलाशी उभे होते.

"झूठ तो कॅटलॉगवाला भी फुकट में बोलता है," ते म्हणाले. "त्यासाठी मला घरचे डिझाइनवाले कशाला पाहिजेत? सीट तीन इंच वर घे. बिल्डर दुसरी बिल्डिंग बांधतोय, तेव्हा बघू. तोपर्यंत तुम्ही तिघं आहात. आणि फॉर्म यापुढे तू नाही भरायचा. वडील भरतील."

तेव्हापासून आमच्या डिपार्टमेंटचे खरे साहेब घरी बसलेले असतात. परवा एक नवी खुर्ची आली. बाबांनी चष्मा लावला, खुर्चीत चारदा बसले-उठले आणि मला आत पाठवून फॉर्म भरला. 'त्रास' पुढे 'होय'. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं:

'उठताना धरायला हात नाहीत. मुलगा दरवेळी घरी नसतो.'