शेणानं बुजलेलं भोक

लॉरीखालून मी पाठ घासत बाहेर आलो आणि शेठच्या गड्यानं शेणकाल्याची बादली उचलली. शेठ लांबूनच म्हणाला, "वरनं खालनं सगळं शिंपड. ह्याचा हात जिथं जिथं लागलाय तिथं."

मी महारवाड्यातला. मोटारीचं काम मला येत होतं, आणि सोलापुरात तेव्हा ते येणारे थोडेच होते. म्हणून भुसार पेठेतल्या या व्यापाऱ्याला माझे हात लागायचे. हात फिरला की लॉरी मात्र शुद्ध करून घ्यायची.

त्या दिवशी तो चिडला होता. मागच्या आसाच्या मधोमध दातेरी चाकांचा लोखंडी डबा असतो, डिफरन्शियल. त्यातून तेल गळत होतं. थेंब थेंब, पण थांबत नव्हतं. मी ब्रेक दुरुस्त करून दिले, त्यानंतरच हे सुरू झालेलं. तेल अडवणारा नमदा मी दोनदा बदलला. ही तिसरी खेप.

"ह्याच्या हातानं मोटर बाटली, म्हणून गळतीय," शेठ आमच्या उस्तादांना म्हणाला. गॅरेज त्यांचं. "आता गळली तर ह्याला काढा. न्हायतर माझ्या तिन्ही लॉऱ्या दुसरीकडं जातील."

चार जण हसले. मी मान खाली घातली. आणि खरं सांगतो, मला माझ्याच हातांची शंका आली. शिव्या जन्मभर खाल्ल्या होत्या, पण त्या खऱ्या वाटल्या त्या दिवशी. त्याची चीड अजून येते, आणि ती स्वतःचीच येते.

लॉरी परत गळत आली. या वेळी मी नमद्याला हात लावला नाही. डबा रॉकेलनं कोरडा पुसला, वर राख भुरभुरली. उभ्या लॉरीला एक थेंब नाही. मोहोळपर्यंत पळवून आणली, तेव्हा पुढच्या बाजूची, नमद्याजवळची राख भिजली. म्हणजे तापल्यावरच गळत होतं. आतली हवा फुगून तेलाला ढकलत असणार. पण हवेला वाट असते. आसाच्या पाठीवर बारीक भोक असतं.

बोटानं चाचपलं. भोक सापडेना. तिथं खरखरीत खपली होती. तार घालून टोकरलं. फुस्स करून गरम हवा तोंडावर आली, आणि तारेला सुकलेलं शेण.

लॉरीखाली पडल्यापडल्या मी मोठ्यानं हसलो.

शेठ आल्यावर तार पुढं धरली. "शेठ, ह्यात माजा हात न्हाय. तुमचं शेण हाय हे."

त्यानं तारेकडं पाहिलं, जमलेल्या लोकांकडं पाहिलं. मग गड्याला म्हणाला, "आण बादली."

मी लॉरीपुढं उभा राहिलो. उस्ताद हळूच म्हणाले, "जाने दे रे. गिऱ्हाईक हाय."

"शिंपडायचं तर शिंपडा," मी शेठला म्हणालो. "मग ही लॉरी मी पुन्हा हातात घेणार न्हाय. तुमची एकबी न्हाय."

त्यानं शिंपडलंच. तिन्ही लॉऱ्या गेल्या. आठ दिवसांनी उस्तादांनी मला काढलं. त्यांचाही राग आला, तो अजून आहे.

आता मी माझं स्वतःचं काम करतो. पान्याला हात लावण्याआधी एकच अट सांगतो. माझ्या हातची गाडी जशी दिली तशी न्यायची, वर शेण शिंपडायचं नाही. पटत नसेल तर आत्ताच घेऊन जा. शिंपडून भोक बुजलं आणि तेल गळून संपलं की आतले दाते एकमेकांना खातात, भर रस्त्यात आस जाम होतो. होऊ दे. मी खाली शिरणार नाही.